कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर: कोड पुन्हा पुन्हा का अडकतो आणि आधी कुठे बघायचं

अमेरिकन हॉस्पिटलांच्या ट्रॉमा चार्टवर (अपघात-इजांच्या पेशंटच्या नोंदींवर) मेडिकल कोडिंग, म्हणजे निदानांना बिलासाठी ठरावीक कोड लावण्याचं काम, करणाऱ्या कोणत्याही टीममध्ये विचारून बघा. ‘बेसिलर स्कल फ्रॅक्चर’चा, म्हणजे कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरचा, चार्ट आला की त्याच कागदपत्रांवरून तीन कोडर तीन वेगळे कोड काढतात आणि तिघांनाही आपलंच बरोबर वाटतं. एकाचा कोड सिस्टीम घेतच नाही, कोड अपुरा आहे म्हणते. दुसऱ्याचा कोड जातो, पण ऑडिटमध्ये ‘जागा लिहिलेली असताना अनस्पेसिफाइड का लावलं?’ म्हणून एरर बसते. तिसऱ्याचा क्लेम पार पेअरपर्यंत (बिल भरणाऱ्या विमा संस्थेपर्यंत) पोचतो आणि तिथून प्रश्नचिन्ह लागून परत येतो. मग लीडच्या टेबलाशी वाद, एन्कोडरचे (कोड शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचे) स्क्रीनशॉट, आणि पुढच्या आठवड्यात तोच घोळ नव्या चार्टवर.

मनगटाच्या फ्रॅक्चरला एवढा गोंधळ होत नाही. कवटीच्या तळात मात्र पाच प्रकारची हाडं येतात: फ्रंटल, एथमॉइड, स्फिनॉइड, टेम्पोरल आणि ऑक्सिपिटल. कोडबुकाने त्यांची जी वाटणी केली आहे ती शरीरशास्त्राच्या पुस्तकाशी पूर्ण जुळत नाही. काही हाडांना बाजू दिली आहे, काहींना नाही. काहींना प्रकार असेल तरच बाजू. चुकीचं मूळ जवळजवळ नेहमी एकच असतं: कोडर आधी बाजू शोधतो, हाड नंतर बघतो. क्रम उलटा हवा. आधी हाड, मग त्या हाडाला बाजू आहे का, आणि सर्वांत शेवटी सातवं अक्षर (उपचाराचा टप्पा, आणि फ्रॅक्चर बंद की उघडं, हे ते सांगतं).

(इथे कोड देवनागरीत लिहिले आहेत, सिस्टीममध्ये अर्थात रोमन अक्षरं टाकायची. ‘एस’नंतर शून्य आहे, ‘ओ’ नाही. हसू नका, कॉपी-पेस्ट न करता हाताने टाइप करणाऱ्यांकडून ही चूक आजही येते.)

पहिला प्रश्न: तुमच्यासमोर कोणतं आयसीडी आहे?

आयसीडी म्हणजे आजार आणि इजांच्या कोडांची आंतरराष्ट्रीय यादी. हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण आपल्याकडच्या नव्या कोडरांच्या निम्म्या शंका इथेच सुटतात. इथल्या हॉस्पिटलांत, इन्शुरन्सच्या क्लेम फॉर्मवर हॉस्पिटलने भरायच्या भागात जो आयसीडी-१० कोडचा रकाना असतो, तिथे सहसा जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आवृत्ती चालते. अमेरिकन चार्टवर चालते ती आयसीडी-१०-सीएम, म्हणजे अमेरिकेने स्वतःच्या कामासाठी वाढवलेली आवृत्ती, जी तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. दोन्हींत कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर एस०२.१ मध्येच आहे. इथवर सगळं ठीक. घात होतो तो पाचव्या स्थानी.

मूळ आवृत्तीत पाचवा आकडा ऐच्छिक आहे आणि तो फक्त एवढंच सांगतो की फ्रॅक्चर बंद आहे की उघडं: ० म्हणजे क्लोज्ड, १ म्हणजे ओपन. तिथे एस०२.१० चा अर्थ ‘तळाचं फ्रॅक्चर, क्लोज्ड’ आणि एस०२.११ चा अर्थ ‘तळाचं फ्रॅक्चर, ओपन’. सीएममध्ये तेच दोन आकडे अगदी वेगळं सांगतात: एस०२.१० म्हणजे तळाचं फ्रॅक्चर, नेमकी जागा माहीत नाही, आणि एस०२.११ म्हणजे ऑक्सिपुटचं (कवटीच्या मागच्या हाडाचं) फ्रॅक्चर. इथल्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागातून अमेरिकन प्रोजेक्टवर आलेली व्यक्ती ओपन फ्रॅक्चर दिसताच हात सवयीने एस०२.११ कडे नेते आणि टेम्पोरल हाड मोडलेल्या पेशंटचा ऑक्सिपिटल काँडाइल (मानेच्या मणक्यावर टेकणारा हाडाचा उंचवटा) मोडून ठेवते. उलटंही घडतं: अमेरिकन चार्टवर वर्षं काढलेली व्यक्ती इथल्या क्लेम फॉर्मवर सात अक्षरी कोड लिहिते आणि समोरचा टीपीए (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम हाताळणारा) तो वाचूच शकत नाही.

चार्ट उघडला की आधी हे नक्की करा. पुढचं सगळं सीएमबद्दल आहे.

बाजूचा मोह

आता सर्वांत जास्त वेळा येणारी अडचण. एक नमुना चार्ट घेऊ.

इनपेशंट केस, म्हणजे पेशंट दाखल झालेला. सीटीच्या रिपोर्टमध्ये: उजव्या टेम्पोरल हाडाच्या पेट्रस भागातून जाणारं लॉन्जिट्यूडिनल फ्रॅक्चर, मास्टॉइडच्या एअर सेल्समध्ये रक्त, ऑसिकल्स (कानातली छोटी हाडं) जागेवर. न्यूरोसर्जनच्या डिस्चार्ज समरीत एकच ओळ: ‘बेसिलर स्कल फ्रॅक्चर, राइट साइड.’

बहुतेक कोडर इंडेक्समध्ये फ्रॅक्चर, मग स्कल, मग बेस असे उतरतात आणि एस०२.१०- वर थांबतात. खाली बघतात तर १०१ उजवी, १०२ डावी, १०९ बाजू माहीत नाही. समरीत ‘राइट’ आहेच. एस०२.१०१ए लावला, काम संपलं. कोड वैध आहे, एन्कोडर हिरवा दिवा दाखवतो, आणि ऑडिटर नेमका तिथेच बोट ठेवतो.

कारण एस०२.१० चं शीर्षकच ‘अनस्पेसिफाइड फ्रॅक्चर ऑफ बेस ऑफ स्कल’ असं आहे. बाजू उजवी लिहिली म्हणून तो स्पेसिफिक होत नाही. जागा माहीत असेल तर पुढे एस०२.१९ आहे, ‘अदर फ्रॅक्चर ऑफ बेस ऑफ स्कल’, आणि त्याच्या खालच्या यादीत अँटिरिअर फॉसा, मिडल फॉसा, पोस्टिरिअर फॉसा, एथमॉइड सायनस, फ्रंटल सायनस, स्फिनॉइड आणि टेम्पोरल बोन अशी नावं आहेत. आपला पेशंट टेम्पोरलचा. म्हणून उत्तर एस०२.१९एक्सए (एक्स फक्त रिकामी जागा भरतो, शेवटचा ए म्हणजे क्लोज्ड, उपचार चालू).

इथे लोक अडतात, कारण एस०२.१९ ला बाजूच नाही. ‘मग राइट कुठे गेलं? माहिती हरवली ना?’ हो, कोडमध्ये ती मावत नाही. कोडबुकाने टेम्पोरल हाडाला डावं-उजवं दिलेलं नाही, त्याला आपला इलाज नाही. बाजू सांगता यावी म्हणून हाडाचं नाव सोडून द्यायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे.

यावरून आणखी एक गाठ सुटते. दोन्ही टेम्पोरल हाडं मोडली असतील तर? एस०२.१९एक्सए एकदाच. तोच कोड एका एन्काउंटरवर दोनदा लावायचा नाही, हा सर्वसाधारण नियम इथेही लागू आहे. एकाच पेशंटला टेम्पोरल आणि स्फिनॉइड दोन्ही असतील तरी एकदाच, कारण दोघांचा कोड एकच. याउलट दोन्ही डोळ्यांच्या खोबणीचं छत मोडलं असेल तर एस०२.१२१ए आणि एस०२.१२२ए असे दोन कोड, कारण ऑर्बिटल रूफला बाजू आहे.

रेडिऑलॉजिस्टच्या रिपोर्टवरून हाडाचं नाव उचलायला परवानगी आहे का, हा पुढचा वाद. इनपेशंटमध्ये निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहिलेलं हवं. केवळ रिपोर्टात फ्रॅक्चर आहे आणि डॉक्टरच्या नोंदीत कुठेच नाही, तर कोड लावायचा नाही, क्वेरी टाकायची (डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवायचा). पण डॉक्टरने ‘बेसिलर स्कल फ्रॅक्चर’ लिहिलेलं आहे आणि नेमकी जागा रिपोर्टमध्ये आहे, तर ती जागा घेता येते. फ्रॅक्चरच्या जागेबद्दल अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनच्या कोडिंग क्लिनिकने २०१३ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. वरच्या नमुन्यात म्हणूनच आपण टेम्पोरलपर्यंत जाऊ शकलो. आउटपेशंटला चित्र वेगळं: तिथे रेडिऑलॉजिस्टही फिजिशियनच, आणि कोडिंगच्या वेळी अंतिम रिपोर्ट हातात असेल तर त्यातलं पक्कं निदान थेट घेता येतं.

सीटी आणि सर्जन यांच्यात विरोध असेल, म्हणजे रिपोर्ट डावी म्हणतोय आणि समरी उजवी, तर आपण पंच व्हायचं नाही. क्वेरी. बाजू डॉक्टरने लिहिलीच नसेल तर मात्र नर्सिंग नोट्ससारख्या इतर क्लिनिशियनच्या नोंदीतून ती घेता येते, गाइडलाइन तशी मुभा देते. ही मुभा लोक विसरतात आणि १०९ लावून मोकळे होतात. मेडिकेअरच्या (अमेरिकन सरकारी आरोग्यविम्याच्या) इनपेशंट क्लेमवर बाजू न सांगणाऱ्या कोडांच्या एका मोठ्या यादीसाठी १ एप्रिल २०२२ पासून वेगळी तपासणी सुरू झाली आहे, तेव्हा १०९ किंवा १२९ ने संपणारा कोड पाठवण्याआधी चार्ट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत चाळा.

सीमेवरची हाडं

फ्रंटल हाडात सर्वांत जास्त घसरगुंडी होते. ‘फ्रंटल बोन फ्रॅक्चर’ म्हणजे कवटीचा माथा, एस०२.०एक्सएक्सए. ‘फ्रंटल सायनस फ्रॅक्चर’ म्हणजे कवटीचा तळ, एस०२.१९एक्सए. हाड तेच, कपाळ तेच, पण एका शब्दाने माथा की तळ हे ठरतं. डॉक्टरने दोन्ही स्वतंत्रपणे लिहिले असतील तर दोन्ही कोड लागतात, कारण एकापेक्षा जास्त फ्रॅक्चर असतील तर प्रत्येक जागेचा कोड द्यायचा असतो. पण ‘फ्रंटल बोन फ्रॅक्चर विथ एक्स्टेन्शन’ एवढ्यावर सायनस गृहीत धरू नका. एक्स्टेन्शन कुठवर, हे लिहिलेलं हवं.

डोळ्याची खोबण तर चार दिशांना वाटलेली आहे. छत तळात (एस०२.१२-), फरशी एस०२.३- मध्ये, आतली भिंत एस०२.८३- आणि बाहेरची भिंत एस०२.८४-. छताचा स्वतंत्र कोड आणि दोन्ही भिंतींचे कोड १ ऑक्टोबर २०१९ ला आले, त्याआधी छत १९ मध्येच मोजलं जायचं. जुन्या चार्टवर रेट्रो ऑडिट करत असाल तर डिस्चार्जची तारीख आधी बघा. आतल्या भिंतीची एक गंमत: लॅमिना पॅपिरेशिया हा भाग एथमॉइड हाडाचा, पण डॉक्टर ‘मीडिअल ऑर्बिटल वॉल’ म्हणत असेल तर कोड भिंतीचाच, तळाचा नाही. इंडेक्समध्ये डॉक्टरचा शब्द शोधायचा, आपल्या डोक्यातली अ‍ॅनाटॉमी नाही. ज्यांनी फिजिओथेरपी किंवा बीएएमएस करून कोडिंगला सुरुवात केली त्यांना हे विशेष जड जातं, कारण त्यांना अ‍ॅनाटॉमी खरोखर येते.

टेम्पोरलच्या बाबतीतही तसंच. त्याचा स्क्वेमस भाग कवटीच्या बाजूला असतो, तळाला नाही. सर्जन तर कधी कधी त्याला व्हॉल्टच म्हणतात. कोडबुकाला फरक पडत नाही, टेम्पोरल बोन म्हटलं की १९. माथ्याच्या एस०२.० मध्ये फक्त फ्रंटल आणि पॅरायटल आहेत. ऑक्सिपिटलचा मागचा सपाट भागही असाच, दिसायला माथा, कोडला तळ.

११ए वर थांबणारे

ऑक्सिपुटच्या कोडांवर वेगळं लिहायला हवं, कारण इथली चूक डोळ्यांना दिसतच नाही.

ऑक्सिपिटल काँडाइलच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार अँडरसन आणि मॉन्टेसानो यांनी १९८८ मध्ये मांडले: पहिल्यात दाबामुळे काँडाइलचा चुरा होतो, दुसऱ्यात तळाच्या फ्रॅक्चरची रेषा काँडाइलपर्यंत येते, तिसऱ्यात एलार लिगामेंटच्या ओढीने हाडाचा तुकडा उपटला जातो. कोडबुकात सुरुवातीला फक्त प्रकार होते: ११०, १११, ११२. १ ऑक्टोबर २०१६ पासून बाजूही आली, पण आकडे संपले होते म्हणून सहाव्या स्थानी अक्षरं वापरली. पहिला प्रकार उजवा ए, डावा बी. दुसरा उजवा सी, डावा डी. तिसरा उजवा ई, डावा एफ. काँडाइल सोडून ऑक्सिपुटची इतर फ्रॅक्चर उजवीकडे जी, डावीकडे एच. बाजू लिहिलेली नसेल तर जुने आकडे अजून आहेतच.

आता एस०२.११ए कडे बघा. शेवटी ‘ए’ आहे. इतकी वर्षं ‘शेवटी ए म्हणजे इनिशिअल, क्लोज्ड’ असं डोळ्यांना वळण लागलेलं, त्यामुळे कोड पूर्ण वाटतो. मोजा: एस, ०, २, १, १, ए. सहाच. सातवं अक्षर अजून लावायचंय. पहिल्या प्रकारचं, उजवं, क्लोज्ड, इनिशिअल असेल तर एस०२.११एए. डावं आणि ओपन असेल तर एस०२.११बीबी. जोडअक्षर बघून टायपो समजून एक अक्षर खोडणारे क्यूए (काम तपासणारे) सुद्धा असतात, तेव्हा कॉमेंटमध्ये सहावं-सातवं वेगळं करून लिहिलेलं बरं.

आणखी एक बारीक अट. प्रकार लिहिलेला नसेल आणि नुसतं ‘लेफ्ट ऑक्सिपिटल काँडाइल फ्रॅक्चर’ असेल, तर बाजूला जागाच नाही. एस०२.११३ए, म्हणजे ‘अनस्पेसिफाइड काँडाइल’, हाच कोड. इथे बाजू असूनही उपयोग नाही, प्रकार हवा. एका ओळीच्या क्वेरीने काम होतं आणि न्यूरोसर्जन उत्तरही पटकन देतात, कारण तिसऱ्या प्रकारात मान अस्थिर असू शकते म्हणून त्यांना प्रकार ठरवावाच लागलेला असतो. बहुतेक वेळा तो स्पाइनच्या कन्सल्ट नोटमध्ये आधीच लिहिलेला सापडतो. क्वेरी टाकण्याआधी तिथे बघा.

एक्सबद्दल फार सांगायला नको. पाच अक्षरी कोडला एक एक्स, चार अक्षरीला दोन: एस०२.१९एक्सए, एस०२.०एक्सएक्सए. एस०२.१९ए असा कोड पाठवला तर तो कुठेच स्वीकारला जाणार नाही. एस०२.१०एक्सए हा मात्र एके काळी वैध होता, २०१६ च्या बदलाने तो गेला. हॉस्पिटलच्या जुन्या टेम्पलेटमध्ये, ईआर (इमर्जन्सी विभागाच्या) डॉक्टरच्या ‘फेव्हरिट्स’मध्ये तो अजून लपलेला असू शकतो. एकाच क्लायंटकडून हाच रिजेक्ट पुन्हा पुन्हा येत असेल तर कोडरना झोडपण्याआधी टेम्पलेट तपासा.

ओपन की क्लोज्ड

लिहिलेलं नसेल तर क्लोज्ड. एवढा नियम सगळ्यांना पाठ असतो. तरी सातव्या जागी ‘बी’ नको तिथे येतो आणि हवा तिथे येत नाही.

नको तिथे येण्याची दोन कारणं. एक, डोक्यावर जखम. स्काल्प लॅसरेशन आहे आणि फ्रॅक्चर आहे, म्हणून ओपन, असा समज. जखम फ्रॅक्चरपर्यंत पोचते असं डॉक्टरने म्हटलं पाहिजे. नाहीतर फ्रॅक्चर क्लोज्ड आणि जखमेचा एस०१ मधला कोड वेगळा. दोन, ‘डिप्रेस्ड’ हा शब्द. डिप्रेस्ड, कम्यूनेटेड, लिनिअर, फिशर्ड हे सगळे क्लोज्डच्या बाजूचे शब्द. ओपनच्या बाजूला आहेत कंपाउंड, मिसाइल, पंक्चर, इन्फेक्टेड, विथ फॉरिन बॉडी. डिप्रेस्ड ऐकून डोळ्यासमोर भयंकर चित्र येतं, पण कोडिंग चित्रावर चालत नाही.

खरी कटकट सीएसएफ लीकची, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी गळण्याची, आहे. नाकातून किंवा कानातून पाणी येतंय म्हणजे ड्युरा (मेंदूवरचं आवरण) फाटली आणि आतली पोकळी सायनसमार्गे बाहेरच्या हवेशी जोडली गेली. अनेक न्यूरोसर्जन अशा फ्रॅक्चरला बोलताना सरळ कंपाउंड म्हणतात, आणि वैद्यकीय तर्क त्यांच्या बाजूने आहे. पण चार्टवर ‘ओपन’ किंवा ‘कंपाउंड’ लिहिलेलं नसेल तर तो तर्क आपण कोडमध्ये उतरवायचा नाही. माझं मत विचाराल तर लीक असलेल्या प्रत्येक तळाच्या फ्रॅक्चरवर ही क्वेरी गेलीच पाहिजे. ‘ए’चा ‘बी’ झाल्याने सिव्हिरिटी बदलू शकते, आणि उत्तर फक्त सर्जनच देऊ शकतो. काही प्रोजेक्टवर टीएटीच्या (चार्ट पूर्ण करायच्या मुदतीच्या) भीतीने ही क्वेरी टाळतात. ती बचत पुढे डिनायलमध्ये (क्लेम नाकारला जाऊन) वसूल होते.

लीकचा स्वतःचा कोड लावायला विसरू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून जी९६.० फोडला गेला: आपोआप झालेली क्रेनिअल लीक जी९६.०१, आणि मार लागून किंवा ऑपरेशननंतर झालेली जी९६.०८. ट्रॉमा चार्टवर ०१ दिसला की हमखास समजा, इंडेक्समधला पहिला पर्याय उचललेला आहे. आणि हो, लॅबमध्ये बीटा-२ ट्रान्सफेरिन पॉझिटिव्ह आलं म्हणून लीकचा कोड लावता येत नाही. लॅबचा आकडा हे निदान नव्हे, डॉक्टरने लिहायला हवं.

फ्रॅक्चर दिसलंच नाही, फक्त खुणा दिसल्या

डोळ्यांभोवती काळेनिळे डाग (रॅकून आइज), कानामागे जांभळा डाग (बॅटल्स साइन), कानाच्या पडद्यामागे रक्त. ईआर नोटमध्ये हे तिन्ही असतील आणि सीटी निगेटिव्ह. तरी काही डॉक्टर ‘क्लिनिकल बेसिलर स्कल फ्रॅक्चर’ लिहितात, कारण तळाचं बारीक फ्रॅक्चर साध्या सीटीत निसटू शकतं. डॉक्टरने निदान म्हणून लिहिलं असेल तर कोड लागतो. ‘सस्पेक्टेड’ किंवा ‘प्रोबेबल’ म्हटलं असेल तर सेटिंग बघा: इनपेशंटला डिस्चार्जच्या वेळीही तोच शब्द कायम असेल तर निदान असल्यासारखं कोड करायचं, आउटपेशंट आणि ईआरला मात्र लक्षणांचे कोड लावायचे. नुसत्या खुणा जोडून आपण स्वतः फ्रॅक्चर तयार करायचं नाही.

सोबतचे कोड आणि क्रम

आयसीडी-९ मध्ये ८०१ हा एकच कोड फ्रॅक्चर, मेंदूची इजा आणि बेशुद्धीचा काळ असं सगळं पोटात घेऊन बसायचा. आता सगळं सुटं. एस०२ खाली ‘कोड ऑल्सो एस०६’ (मेंदूची इजा) अशी सूचना आहे. ‘कोड ऑल्सो’ म्हणजे दोन्ही लावा, क्रम मात्र ती सांगत नाही. क्रम डॉक्टरच्या मते जी इजा सर्वांत गंभीर तिच्यावर ठरतो. सबड्युरल (ड्युराखाली साचलेलं रक्त) काढायला ऑपरेशन झालं असेल तर एस०६.५ वर, हे उघड आहे. फक्त फ्रॅक्चर आणि कन्कशन असेल तर डिस्चार्ज समरी वाचून ठरवा, सवयीने नाही.

एस०६ मध्ये सहावं स्थान बेशुद्धीच्या काळाचं. किती वेळ बेशुद्ध होता हे अँब्युलन्सच्या नोंदीत असतं आणि कोडर डिस्चार्ज समरीच्या पुढे जात नाही. बेशुद्ध पडला की नाही हेच कळत नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सहाव्या जागी ‘ए’ आला आहे, म्हणजे इथेही एस०६.५एक्सएए असा दुहेरी ए. सातव्या जागेबद्दलही सावध राहा: एस०६ ला फक्त ए, डी, एस चालतात, तर एस०२ ला ए, बी, डी, जी, के, एस. ओपन फ्रॅक्चरचा ‘बी’ सबड्युरललाही लावून पाठवलेले क्लेम मी ऑडिटमध्ये अनेकदा परत केले आहेत.

चेहऱ्याची नस दुखावली असेल (टेम्पोरल फ्रॅक्चरमध्ये हे नेहमीचं) तर एस०४.५-, बाजूसकट. तिथे एस०६ असल्यास तो आधी, अशी स्पष्ट सूचना आहे. जीसीएसचे (शुद्धीची पातळी मोजणाऱ्या स्केलचे) आर४०.२- कोड लावत असाल तर तेही एस०२ आणि एस०६ नंतर. आणि एस०९.९०, ‘हेड इंज्युरी, अनस्पेसिफाइड’, हा ईआरचा पहिला निदान-कोड अंतिम क्लेमवर तसाच राहून गेलेला असेल तर काढा. फ्रॅक्चर आणि ब्लीड कळल्यावर त्याला काही काम उरत नाही, उलट एस०६ सोबत तो एक्सक्लूड्स-१ मध्ये (हे कोड एकत्र लावू नका, या सूचनेत) अडकतो.

ए म्हणजे पहिली भेट नव्हे

हे इतक्या वेळा सांगून झालंय, तरी. ‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे सक्रिय उपचार चालू आहेत. छोट्या हॉस्पिटलातून ट्रॉमा सेंटरला हलवलं तरी तिथेही ए. तिसऱ्या दिवशी नवा ईएनटी सर्जन बघायला आला, त्याच्या बिलावरही ए. उपचार संपून फक्त भरतंय की नाही बघायला क्लिनिकमध्ये आला तेव्हा डी. त्या भेटीला आफ्टरकेअरचा झेड कोड लावायचा नाही, इजांना तो चालत नाही, त्याचं काम सातवं अक्षर करतं. सहा महिन्यांनी वास येत नाही म्हणून आला आणि डॉक्टरने ते जुन्या फ्रॅक्चरचा परिणाम म्हणून लिहिलं, तर आधी आर४३.० आणि मग एस०२.१९एक्सएस. उलटा क्रम लावला तर क्लेम परत येतो.

क्वेरी कशी लिहायची

क्वेरीत उत्तर सुचवलेलं नको, पर्याय हवेत. ‘सीएसएफ लीक आहे म्हणजे हे ओपन फ्रॅक्चर आहे ना?’ असं विचारलं तर ती लीडिंग क्वेरी झाली आणि ऑडिटमध्ये क्वेरीच धरली जाईल. आधी चार्टमधले पुरावे तारखेसकट मांडा: अमुक तारखेचा सीटी, त्यातली ओळ, अमुक तारखेची नर्सिंग नोंद, डाव्या कानातून पाणी, डिस्चार्ज समरीतलं वाक्य. मग विचारा: आपल्या क्लिनिकल मतानुसार फ्रॅक्चरची नेमकी जागा आणि स्वरूप नोंदवावं, पर्याय ओपन, क्लोज्ड, इतर, ठरवता येत नाही. जागा, बाजू, काँडाइल असेल तर प्रकार, आणि ओपन-क्लोज्ड हे चारही प्रश्न एकाच क्वेरीत घ्या. चार वेगळ्या क्वेरी गेल्या तर पहिल्या दोनला उत्तर येतं आणि उरलेल्या डॉक्टरच्या इनबॉक्समध्ये पडून राहतात.

दर १ ऑक्टोबरला, आणि आता १ एप्रिललाही, कोड बदलतात. त्या आठवड्यात टीमच्या शेअर केलेल्या शीटमधली एस०२.१ ची ओळ कोडबुकाशी ताडून घ्या. डिस्चार्ज ३० सप्टेंबरला झाला असेल तर जुना कोड, १ ऑक्टोबरला झाला असेल तर नवा. अ‍ॅडमिशनची तारीख यात बघायची नसते.